दोन लाइनी घेतल्या, पण जोडल्या का?

हापूसच्या हंगामात देवगडच्या व्यापाऱ्याला तासभर नेटवर्क नसणे परवडत नाही. वाशीच्या बाजारातला भाव, मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर, पेटीचे पैसे, सगळे आता त्यावरच येते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात कलमांबरोबर विजेचे खांबही पडले, तेव्हा याचा अनुभव कोकणाने घेतलाच आहे. म्हणून कोणी दोन कनेक्शन घेत असेल तर ते शहाणपणच. पण 'दोन्ही जोडून दुप्पट वेगाची एकच लाइन करून देतो' असे सांगून महागडे यंत्र गळ्यात मारले जात असेल, तर आपल्या व्यापारी बांधवांनी सावध व्हावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दोन लाइनींच्या साध्या राउटरमध्ये लाइनी जोडल्या जात नाहीत, काम वाटले जाते. 40 आणि 20 एमबीपीएसच्या लाइनी असल्या म्हणून एक फाइल 60 च्या वेगाने येत नाही. ती एकाच लाइनीवरून येते. उलट बँकेच्या साइटला एकच माणूस दोन पत्त्यांवरून आल्यासारखा दिसतो आणि व्यवहार अर्ध्यावर तुटू शकतो. (बँकेचे काम एकाच लाइनीला बांधण्याची सोय अशा बहुतेक राउटरमध्ये असते. बसवणाऱ्याकडून ती करून घ्यावी.) खऱ्या जोडणीला, म्हणजे बॉन्डिंगला, दुसऱ्या टोकाला तुकडे पुन्हा एकत्र करणारा सर्व्हर लागतो. पूर्वी आयएसडीएनच्या 64 केबीपीएसच्या दोन वाहिन्या जोडून 128 मिळत, ते दोन्ही टोकांना तशी व्यवस्था असे म्हणूनच. आज त्या सर्व्हरचे भाडे दरमहा भरावे लागते. चार महिन्यांच्या धंद्यासाठी ही फिजूलखर्ची कशाला?

आंब्याच्या कारोबाराला वेगापेक्षा खात्री हवी. एक लाइन पडताच दुसरी आपोआप सुरू झाली की पुरे, आणि ते काम साधा राउटर करतो. मात्र दोन्ही लाइनी एकाच खांबावरून आल्या तर एक फांदी दोन्ही घेऊन जाईल. 30 जानेवारी 2008 रोजी अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन वेगवेगळ्या केबली तुटल्या आणि इथे भारतात इंटरनेट रखडले, कारण वाट एकच होती. तेव्हा एक फायबर घ्यावी, दुसरी मोबाइल सिमची, तीही निराळ्या कंपनीची. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर ठेवावा. वीज फार वेळ गेली तर टॉवरची बॅटरीही संपते; त्या दिवशी वही काढावी. उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम दीनने दिलेलाच आहे.

यंत्र विकायला कोणी आलाच तर त्याला चहा पाजून एवढेच विचारा: दुसऱ्या टोकाचा सर्व्हर कोठे आहे, आणि त्याचे महिन्याचे किती?