राजुऱ्यात किरायाचं घर : दारात नकार, कागदात हक्क

राजुरा तालुक्याचं गाव असलं तरी इथे किरायाच्या घरांना मागणी मोठी आहे. जवळच वेकोलिच्या कोळसा खाणी, गडचांदूरकडे सिमेंट कारखाने, गावात तहसील, न्यायालय आणि कॉलेज. कंपनीच्या कॉलनीतलं क्वार्टर कायम कर्मचाऱ्याला मिळतं. ठेक्यावरचा कामगार, बदली होऊन आलेला शिक्षक, खेड्यातून मुलांच्या शिक्षणासाठी आलेलं कुटुंब, हे सगळे बाजार आणि बस स्टँडच्या आसपास खोली शोधतात.

इथपर्यंत सगळ्यांची अडचण सारखीच. फरक पडतो तो नाव सांगितल्यावर. "कालच दिली हो खोली", "आम्ही फक्त व्हेजवाल्यांना देतो", "घरच्यांना विचारून कळवतो". ही वाक्यं आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांच्या ओळखीची आहेत. हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्यात आला. इथली मुस्लिम वस्ती पिढ्यान्पिढ्यांची आहे. तरीही चार गल्ल्या सोडून पलीकडे खोली मागितली की माणूस परका ठरतो.

हा काही आपल्या मनाचा खेळ नाही. मूळचे अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात घरमालकांना फोन करून हे तपासलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सवर्ण हिंदू नावाला जवळपास प्रत्येक वेळी होकार मिळाला. दलितांना सुमारे 59 टक्के, तर मुस्लिमांना फक्त 33 टक्के वेळा. बाकीच्यांना सरळ नकार मिळाला किंवा जादा किराया, जादा अटी लावल्या गेल्या. त्याआधी 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालातही मुस्लिमांना हव्या त्या वस्तीत घर मिळत नाही, याची नोंद आहे. मुंबईत घर घेताना अशीच अडचण आल्याचं शबाना आझमी यांनी 2008 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं.

मग कायदा काय म्हणतो? संविधानाचं कलम 15 धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं. पण ही मनाई मुख्यतः सरकारवर आहे. दुकानं, हॉटेलं, सार्वजनिक विहिरी यांचा त्यात उल्लेख आहे, खाजगी घराचा नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा 'फक्त पारशांना' हा नियम मान्य केला. केंद्राने 2021 मध्ये आणलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात डिपॉझिटवर दोन महिन्यांची मर्यादा आहे, पण धर्म-जातीवरून नकार देण्याबद्दल तो गप्प आहे. अमेरिकेत असा नकार 1968 पासून बेकायदा आहे. आपल्याकडे आजही घरमालकाने दारातून परत पाठवलं तर थेट दाद मागायला जागा नाही.

दारातल्या नकारावर उपाय नसला, तरी घरात शिरल्यानंतर कायदा बराच कामाचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. ती जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर उलट सिद्ध होत नाही. घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्रास द्यायला पाणी-वीज तोडणं हाही गुन्हा आहे. हा कायदा अनुसूचीतल्या गावांना लागू होतो, म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात एकदा विचारून घ्यावं.

"अकरा महिन्यांचा आहे, नोटरी पुरे," असं सर्रास सांगितलं जातं. ते पुरेसं नाही. आरटीईतून मुलाच्या प्रवेशासाठी किरायाच्या घराचा नोंदणीकृत करारच लागतो. नेमका तोच नसतो आणि मुलाचं वर्ष जातं. किराया बँकेतून द्या, पावती घ्या, पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली असेल तर तिची प्रत ठेवा. आणि कागद दोघांनाही बांधतो, हेही लक्षात असू द्या. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर दुप्पट किराया भरावा लागू शकतो. देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहेच.

एक गोष्ट घरातलीही बोलली पाहिजे. आपला माणूस बाहेर कुठे जाणार, हे ओळखून मोहल्ल्यातच ओलसर खोलीचा जादा किराया घेणारे आहेत. डिपॉझिट अमानत आहे, हे विसरणारेही आहेत. दलित किंवा आदिवासी कुटुंबाला खोली नाकारणारा मुस्लिम घरमालक सापडला, तर दुसऱ्याच्या नकाराबद्दल आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

म्हणून मागणी सगळ्यांसाठी असावी. धर्म, जात किंवा ताटातलं जेवण पाहून घर नाकारता येणार नाही, असं कलम राज्याच्या भाडे कायद्यात यावं. येत्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला हे विचारायला हवं. तोवर आपल्या मोहल्ल्यात एकही खोली बिनकागदाची दिली-घेतली जाणार नाही, एवढं तरी आपल्या हातात आहे.