शिष्यवृत्ती आहे, पण वेळेवर कुठे?

गरीब विद्यार्थ्यांसाठीच्या योजनांची आपल्याकडे वाण नाही. वाण आहे ती योजना आणि विद्यार्थी यांना जोडणाऱ्या रस्त्याची. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथून पाहिले म्हणजे हे वास्तव जितके स्पष्ट दिसते, तितके ते मंत्रालयातून दिसत नाही. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. १९७६ मध्ये शाळा उभी राहिली. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या या प्रकल्पातून शिकलेली काही माडिया मुले पुढे डॉक्टर, वकील, शिक्षक झाली. 'आदिवासींना शिक्षणाची ओढच नाही' हा युक्तिवाद त्यामुळे केव्हाच निकालात निघाला आहे. आता प्रश्न आहे तो बारावीनंतरच्या खर्चाचा.

या खर्चासाठी दोन मुख्य आधार आहेत. पहिला, केंद्र सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अडीच लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आदिवासी कुटुंबातील मुलांना ती मिळते. दुसरा, ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही त्यांच्यासाठी राज्याने २०१६-१७ मध्ये आणलेली पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. तिच्या मूळ तरतुदीनुसार नागपूर-पुण्यासारख्या शहरात राहून शिकणाऱ्याला वर्षाला ६० हजार, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मिळावयाचे. याउलट मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० मध्ये ठरलेल्या दरांनुसार, वसतिगृहात राहून सर्वसाधारण पदवी घेणाऱ्याचा निर्वाह भत्ता महिना ५७० रुपये होता. एवढ्या रकमेत गडचिरोलीतच काय, आलापल्लीतही महिन्याची खाणावळ भागत नाही.

तथापि, रकमेपेक्षा वेळेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. खोलीचे भाडे, पुस्तके, एस.टी.चा प्रवास हा सारा खर्च जून-जुलैत करावा लागतो. वसतिगृहाची यादी लागते, मग 'स्वयं'चा अर्ज, त्याची छाननी, मग हप्ता. जुलै २०१८ मध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. वसतिगृहातील भोजनाऐवजी खात्यात पैसे देण्याला त्यांचा विरोध होता. पैसे उशिरा आले तर तोवर खायचे काय, या प्रश्नाला कागदावर उत्तर नव्हते.

दुसरी अडचण कागदपत्रांची. जात प्रमाणपत्राच्या पुराव्यांत अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याला महत्त्व आहे. त्या काळी हा मुलूख मध्य प्रदेशातील चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ मध्ये. ज्या भागात शाळाच १९७६ मध्ये आली, तेथील आजोबांचा शाळेचा दाखला आणायचा कोठून? व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी तर वैधता प्रमाणपत्रही लागते. मजुरी, मोहफुले आणि तेंदूपानांवर जगणाऱ्या कुटुंबाने उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते आणि ऑनलाइन अर्ज हे सारे विहित मुदतीत जमवावे, अशी अपेक्षा आहे. अर्जाची मुदत पावसाळ्यात आली, की पर्लकोटेचा पूर आणि बेभरवशाचे इंटरनेट यांचीही त्यात भर पडते.

या कडक छाननीमागे इतिहास आहे, हे नाकारता येणार नाही. २०१५ च्या सुमारास गडचिरोलीतूनच शिष्यवृत्ती घोटाळा उघडकीस आला. विद्यार्थ्यांच्या नावे संस्थांनी शिष्यवृत्ती लाटल्याच्या तक्रारींवरून गुन्हे नोंदले गेले आणि राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करण्याची पद्धत त्यामुळे योग्यच ठरते. परंतु गैरव्यवहार संस्थांचा आणि प्रामाणिकपणा सिद्ध करण्याचा भार मात्र विद्यार्थ्यावर, हा उफराटा न्याय झाला.

यावर उपाय अवघड नाहीत. आश्रमशाळेतील मुलाची माहिती शासनाकडे आधीपासूनच असते. भामरागड येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही आहे. या कार्यालयाने दहावीतच मुलाचे जात, उत्पन्न व रहिवासाचे दाखले शाळेत शिबिरे घेऊन द्यावेत. बारावीनंतर प्रवेश निश्चित होताच पहिला हप्ता आगाऊ द्यावा आणि छाननी नंतर करावी. योजना शोधत हिंडण्याची जबाबदारी विद्यार्थ्याची नव्हे, विद्यार्थ्याला शोधण्याची जबाबदारी प्रकल्प कार्यालयाची, असे तत्त्व एकदा मान्य केले तर पुढचे सारे सोपे आहे.

२०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. नागपूरचे विद्यापीठ दूर पडते, ही तक्रार त्यामुळे काही अंशी मिटली. विद्यापीठ जवळ आले. आता पैसाही वेळेत जवळ यायला हवा. शिष्यवृत्ती म्हणजे शासनाचे औदार्य नव्हे, तो विद्यार्थ्याचा हक्क आहे. आणि वर्ष वाया गेल्यानंतर पदरात पडलेला हक्क हा हक्क नाकारण्याचाच एक सभ्य प्रकार होय.