गाडी विकली, पण नाव कुणाचे?

आपल्या कार्यकर्त्याच्या दारात कोरी गाडी सहसा येत नाही. येते ती सेकंड हॅण्ड. शिक्षक, ग्रामसेवक, एस.टी.चा कंडक्टर हप्त्याचे गणित जुळवून सात-आठ वर्षे वापरलेली गाडी घेतो आणि आपली खिळखिळी झालेली जुनी गाडी दुसऱ्या गरजवंताला देतो. उमरखेडपासून वणीपर्यंत पसरलेल्या आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, शकुंतला रेल्वे बंद पडल्यावर तर विशेषच, गाडी ही चैन राहिलेली नाही. दवाखाना, कोर्टाची तारीख, दीक्षाभूमी, सारे तिच्यावर. तेव्हा जुनी काढून त्यातल्या त्यात नवी घेण्यात गैर काही नाही. आमचा आक्षेप आहे तो व्यवहाराच्या पद्धतीला.

सौदा चहाच्या टपरीवर ठरतो. पूर्वी शंभराचा, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा बॉण्ड घ्यायचा, त्यावर ‘आजपासून सर्व जबाबदारी घेणाराची’ असे लिहायचे, नोटरीचा शिक्का मारायचा. कोऱ्या टी.टी. फॉर्मवर विकणाराची सही. पैसे मोजले, चावी दिली, जयभीम केला, विषय संपला. आर.सी.वर नाव मात्र जुन्याच मालकाचे राहते. घेणारा म्हणतो, नावावर करायला खर्च येतो, पुढे विकायचीच आहे. विकणारा म्हणतो, आपला माणूस आहे, करून घेईल.

कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाराने १४ दिवसांत आणि घेणाराने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळविले पाहिजे. फॉर्म २९ आणि ३० त्यासाठीच आहेत. आणि कलम २(३०) प्रमाणे ‘मालक’ म्हणजे ज्याच्या नावाने गाडीची नोंद आहे तो. ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी हातोहात विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्याचीच. २००९ मध्ये तिच्या अपघातात एका मुलाचा जीव गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदीत नाव असलेल्या मालकावरच टाकली. मृताच्या वारसांनी एकामागून एक खरेदीदार शोधत फिरावे, हे न्यायालयाला मान्य झाले नाही.

आम्हाला हा निकाल योग्य वाटतो. रस्त्याच्या कडेने चालणारा, सायकलवरचा, शेतावरून परतणारी मजूर बाई ही कोण असतात? आपलीच माणसे असतात. त्यांना बॉण्डपेपर दाखवून परत पाठविण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही, हे बरेच झाले.

पण दुसऱ्या बाजूलाही आपलाच माणूस उभा असतो. एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे न्यायाधिकरणाची नोटीस घेऊन आले होते. गाडी विकून चार वर्षे झालेली. ती आता कुणाकडे आहे, हेही ठाऊक नव्हते. बॉण्ड मात्र लॅमिनेट करून जपलेला! विमा चालू असता तर कंपनीने अपघातग्रस्ताला पैसे दिले असते, कारण कलम १५७ प्रमाणे तिसऱ्या पक्षासाठीचा विमा गाडीबरोबर जातो. पण अशा फिरत्या गाडीचा हप्ता भरतो कोण? बॉण्डच्या आधारे खरेदीदारावर दावा लावता येतो हे खरे, तो सापडला तर.

घेणाराही सुरक्षित नाही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आपोआप त्याच्या नावे होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यासाठी १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

आमची २००४ ची मारुती ८०० होती. पंधरा वर्षे झाल्यावर २०१९ मध्ये पाच वर्षांसाठी नोंदणी वाढविली. २०२४ मध्ये पुन्हा वाढवायची तर एप्रिल २०२२ पूर्वी ६०० रुपये असलेली फी ५ हजार झालेली, शिवाय पत्रा सडलेला. ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात देऊन रीतसर प्रमाणपत्र घेतले आणि आर.सी. रद्द करून घेतली. भंगारवाल्याला गुपचूप दिलेली गाडी कागदावर जिवंतच राहते. मग वॅगन आर पाहिली. तिच्यावर बँकेचा बोजा होता. बँकेची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय, चलान भरल्याशिवाय पूर्ण रक्कम देणार नाही, असे आम्ही सांगितले. विकणारे गृहस्थ चळवळीतलेच. म्हणाले, “वकीलसाहेब, आपल्याच माणसावर इस्वास नाही का?”

विश्वास आहे म्हणूनच कागद करायचा. ज्यावर विश्वास नाही त्याच्याशी आम्ही व्यवहारच करीत नाही! वर्गणी काढून संघटनेसाठी घेतलेली जीप एका कार्यकर्त्याच्या नावावर असते, तो गट बदलतो आणि जीपही जाते, हे आपण किती वेळा पाहिले? नोंदणीकृत संस्था असेल तर गाडी संस्थेच्या नावावर घ्यावी.

आता ज्यांची विकलेली गाडी अजून त्यांच्याच नावावर फिरते आहे, त्यांनी प्रथम खरेदीदाराला गाठावे. तो टाळाटाळ करीत असेल तर फॉर्म २९ भरून, बॉण्डची प्रत जोडून स्पीड पोस्टाने आर.टी.ओ.ला पाठवावा. एवढ्याने जबाबदारी पूर्ण टळेल असे नाही, पण पुढे दावा लावताना ती पोचपावती उपयोगी पडते. आणि ज्यांनी गाडी घेतली आहे त्यांनी जुना मालक हयात आहे तोवर हे काम उरकावे. तो गेल्यावर वारसांच्या सह्या आणि दाखले गोळा करीत फिरावे लागते.