उंची लोणावळ्यात नाही, रक्तात पाहा

मार्च महिन्यात धाकट्या बहिणीने व्हॉट्सॲपवर एक जाहिरात पाठवली. 'हाय अल्टिट्यूड समर कॅम्प, लोणावळा. लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी. वय १३ ते १८. कालावधी १५ दिवस.' फी अठरा हजार रुपये. खाली तिचा एका ओळीचा मेसेज होता, "भाईजान, पाठवू का हिला?"

'हिला' म्हणजे माझ्या भाचीला. ती सोळा वर्षांची आहे, मावळातल्या एका गावात राहते आणि ३००० मीटर धावते. तिचे वडील टेम्पो चालवतात. अठरा हजार म्हणजे त्यांची जवळपास महिन्याची कमाई. बहिणीने कानातले गहाण ठेवायची तयारी केली होती, हे मला नंतर कळले. प्रश्न साधा होता, पण उत्तर शोधता शोधता मला जे कळले ते इतर पालकांनाही सांगावेसे वाटते.

आधी 'हाय अल्टिट्यूड' या शब्दाकडे पाहू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि पुणे शहर सुमारे ५६० मीटरवर. फरक साठ मीटरचा, म्हणजे साधारण वीस मजली इमारतीएवढा. मुंबईकराला खोपोलीहून घाट चढून आल्यावर आपण फार उंच आलो असे वाटते आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. पण वडगाव-कामशेतच्या मुलांसाठी लोणावळा म्हणजे त्याच पठाराचे पश्चिमेकडचे टोक. लोहगडाच्या माथ्यावर गेलो तरी हजार मीटरच्या थोडेच वर पोचतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर आणि महाराष्ट्रातले सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर. धावपटूंच्या उंचीवरच्या सरावासाठी साधारणपणे २००० ते २५०० मीटर उंची लागते. म्हणजे त्या अर्थाने हाय अल्टिट्यूड शिबिर घेता येईल अशी जागा अख्ख्या महाराष्ट्रात नाही. आपले राष्ट्रीय पातळीवरचे धावपटू त्यासाठी उटीला जातात, हिमाचलमधल्या शिलारूला जातात.

ही उंची नेमके काय करते? हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण सगळीकडे सारखेच असते, सुमारे २१ टक्के. वर जाताना हवेचा दाब कमी होतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी होतो. लोणावळ्यात ही घट सुमारे सात टक्के आहे. २४०० मीटरवर ती पंचवीस टक्क्यांच्या आसपास जाते. तेव्हा मूत्रपिंडे एक संप्रेरक जास्त प्रमाणात तयार करतात आणि त्याच्या सांगण्यावरून शरीर जास्त तांबड्या रक्तपेशी बनवते. त्याला तीन-चार आठवडे लागतात. असा धावपटू खाली उतरून शर्यतीत उतरला की त्याचे रक्त स्नायूंना जास्त ऑक्सिजन पोचवते. १९६८ चे ऑलिंपिक मेक्सिको सिटीत, म्हणजे २२४० मीटरवर झाले. तिथे लांब पल्ल्याच्या शर्यती केनिया आणि इथिओपियाच्या धावपटूंनी गाजवल्या, ५००० मीटरचे सुवर्ण ट्युनिशियाच्या मोहम्मद गम्मूदीने नेले. तेव्हापासून जगभरचे प्रशिक्षक डोंगराकडे पाहू लागले.

या सगळ्या गणितात एक अट आहे आणि ती जाहिरातीत नसते. नव्या रक्तपेशी बनवायला लोह लागते. शरीरात लोहच नसेल तर उटीला जा नाहीतर हिमालयात जा, पेशी बनणार कशातून? सिमेंट नसताना गवंडी वाढवून भिंत उभी राहत नाही.

आता भाचीकडे येतो. ३००० मीटर म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकवर साडेसात फेऱ्या. ती पहिल्या पाच फेऱ्या सगळ्यांबरोबर असायची आणि मग एकदम गळायची. तिला शिकवणारे म्हणायचे, "मनाने कमजोर आहे." घरचे म्हणायचे, "नीट जेवत नाही." ती स्वतः म्हणायची, "पाय जड होतात, मामू." जाहिरात आली त्याच आठवड्यात मी बहिणीला सांगितले की पैसे भरण्याआधी हिचे रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन निघाले ९.६. या वयाच्या मुलीला ते किमान १२ हवे. मन कमजोर नव्हते, रक्त कमी होते आणि त्या रक्तावर ती पाच फेऱ्या पुढच्या घोळक्यात टिकत होती!

ही काही एका घराची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१.१ टक्के आहे. म्हणजे अशा शिबिरात दहा मुली आल्या तर त्यातल्या पाच-सहा जणी रक्तक्षय घेऊनच आलेल्या असण्याची शक्यता आहे. वर त्यांची मासिक पाळी, घाम आणि पळण्याचा ताण. मी त्या आयोजकांना फोन करून विचारले, आधी रक्त तपासता का? उत्तर आले, "हवा बदलली की सगळे ठीक होते." मी बहिणीला सांगितले, पाठवू नकोस.

यावर कोणी म्हणेल, मग मोठी माणसे उगाच परदेशात जाऊन सराव करतात का? नाही. पण ती कधी गेली ते पाहा. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. लहानपणी सहा किलोमीटर शाळेत चालत-पळत जाणारा मुलगा. बारावीनंतर सैन्यात गेला, विशीनंतर क्रॉस कंट्री धावू लागला आणि २०१७ मध्ये स्टीपलचेसकडे वळला. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या उंचीवर तो सराव करू लागला तेव्हा तो आधीच राष्ट्रीय विक्रमवीर होता. ललिता बाबर सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची. सुरुवात खो-खोने केली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळवणारी. मांडवा, मोही, सावरपाडा यातले एकही गाव हाय अल्टिट्यूडवर नाही. या तिघांचा पाया गावाच्या मातीवर घातला गेला, उंची नंतर आली. आपण मात्र कळस आधी विकत घ्यायला निघालो आहोत.

घाईचा दुसरा धोकाही आहे. २००६ मध्ये ओडिशात बुधिया सिंग या चार वर्षांच्या मुलाला पुरी ते भुवनेश्वर असे ६५ किलोमीटर पळवले गेले. देशभर टाळ्या वाजल्या आणि त्यातून मोठा धावपटू घडला नाही. अठरा वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेत सपाट धावण्याची सर्वात लांब शर्यत ३००० मीटरची होती, हे ठरवणाऱ्यांनी काही विचार केला होता. सोळा वर्षांच्या मुलीला दिवसाला तीस किलोमीटर पळवणारे शिबिर मोठ्या उंचीवर असो की समुद्रकाठी, पालकांनी तिथून मुलीला घरी आणावे.

याचा अर्थ लोणावळ्यात शिबिर घेऊच नये असा नाही. मावळासारखा मुलूख धावायला शोधून सापडणार नाही. मेमध्ये दुपारी इथेही ऊन भाजते, पण पहाट पुण्यापेक्षा बरी असते. तुंगार्लीचा चढ आहे, वळवणच्या बाजूचे रस्ते आहेत, राजमाचीकडे जाणारी मातीची वाट आहे. चढावर पाय आणि छाती दोन्ही तयार होतात आणि मातीवर गुडघे वाचतात. फक्त शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांपासून मुलांना दूर ठेवले पाहिजे. जूनमध्ये पाऊस कोसळू लागला की सगळे बंद, म्हणून एप्रिल-मेचे हे सहा आठवडेच हाती असतात. सुट्टीत रिकामी असलेली एखादी शाळा घ्या. शिबिराच्या आधी प्रत्येकाचे रक्त तपासा, ते सरकारी दवाखान्यात होते. मुलींसाठी बाई प्रशिक्षक ठेवा, जिला पाळीबद्दल मोकळेपणाने सांगता येईल. जेवणात अंडी, डाळ, पालेभाजी, नाचणी, वर लिंबू द्या. जेवणाबरोबरचा चहा बंद करा, कारण तो लोह शोषू देत नाही. दुपारी झोपू द्या. आणि नाव ठेवा 'उन्हाळी धावण्याचे शिबिर'. खरे नाव ठेवले तर फीसुद्धा खरी राहील. या भागातल्या किती तरी मुलामुलींसाठी धावणे म्हणजे पोलीस भरतीची १६०० आणि ८०० मीटरची शर्यत, म्हणजे नोकरी. त्यांना भपका परवडत नाही.

शेवटी दोन शब्द माझ्या समाजातल्या वाचकांशी. पैगंबरांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, ही हदीस आपण कौतुकाने सांगतो. आणि मुलगी चौदाची झाली की तिचे बूट माळ्यावर टाकतो. कपड्यांचा प्रश्न येतो हे मला माहीत आहे. २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये सौदीची सारा अत्तार डोके झाकून ८०० मीटर धावली. २०२४ मध्ये पॅरिसला सिफान हसनने मॅरेथॉन नेहमीच्या धावण्याच्या कपड्यांत जिंकली आणि पदक घ्यायला ती हिजाब घालून उभी राहिली. दोघींनी आपापले ठरवले. आपल्या मुलींनाही ठरवू द्या. वेळेची अडचण तर अजिबात नाही. मेमध्ये फजरची नमाज झाली की सूर्य उगवायला अजून वेळ असतो आणि धावायला त्याहून चांगली वेळ कोणती?

पण मुलीला मैदानावर पाठवणे ही निम्मी गोष्ट झाली, उरलेली निम्मी आपल्या स्वयंपाकघरात आहे. बकरी ईदला आमच्या घरी सगळ्यात आधी कलेजी शिजते. कलेजीत लोह भरपूर असते. इतकी वर्षे ती पहिल्यांदा कोणाच्या ताटात जात होती, हे मी भाचीचा रिपोर्ट हातात घेईपर्यंत पाहिलेच नव्हते. ती आमच्या, पुरुषांच्या ताटात जात होती. मुली आणि बायका मागून जेवत होत्या आणि उरेल ते खात होत्या. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळ होते म्हणून भाची टाकून देत होती, तेही कोणी विचारले नव्हते.

अठरा हजार वाचले, कानातले जागेवर राहिले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ती आता रात्री जेवणानंतर घेते. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.३ आले आहे. अजून बाराला पोचलेले नाही. ती पहाटे गावच्या रस्त्यावर धावते, सहावी फेरी निभावते, सातवीत अजून मागे पडते. परवा मला म्हणाली, "मामू, पाय आता माझे वाटतात." तिला उटीला पाठवायचे की नाही हे चार वर्षांनी पाहू. तोपर्यंत तुमच्या घरातली मुलगी धावत असो वा नसो, या आठवड्यात तिचे रक्त तपासून घ्या आणि या ईदला पहिले ताट तिला वाढा.