आई हसायची, तेही लिहा

कुणी गेले की आपल्या साप्ताहिकांत 'कालकथित' या शब्दाखाली चार ओळी छापून येतात. बाई असेल तर त्या ओळी बहुधा ठरलेल्याच. कष्टाळू, सोशीक, मुलांसाठी खस्ता खाल्ल्या. यंदा मार्चमध्ये आमची आई गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात सातजण बोलले आणि सातहीजण हेच बोलले. खोटे कुणीच बोलले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर वडिलांना गिरणीचे काम पुन्हा मिळाले नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत, १६० चौरस फुटांच्या खोलीत, रोज दीडशे चपात्या डब्यांसाठी लाटून आईने आम्हा चौघा भावंडांना वाढवले.

पण बंधु-भगिनींनो, आम्ही जिला ओळखत होतो ती आई त्या दिवशी कुणाच्याच भाषणात आली नाही.

त्या दीडशे चपात्या होईपर्यंत तिची नाटक कंपनी चालू असायची. रेशनवाला तागडीला अंगठा कसा लावतो, वडिलांचा मुकादम नाकातून कसा बोलतो, सगळे हुबेहूब. मुकादमाची नक्कल पाहून संपाच्या त्या काळात वडील हसले, तेवढे एकदाच हसल्याचे आम्हाला आठवते. रविवारी पाच-तीन-दोनचा डाव. आई पत्ता मांडीखाली दडपायची आणि पकडली गेली की वर म्हणायची, "घटनेत पत्त्याचं कलम कुठं हाय, दाखीव मला!" आम्ही शाळेत जाणारी पोरे, कलम कुठून दाखवणार?

"बाईमाणसानं एवढं मोठ्यानं हसू नये," असे तिला चाळीत ऐकवले जायचे. (बाप्या माणूस हसला की तो दिलखुलास!)

वर्षावासात विहारात संध्याकाळी वाचन चाले. एकदा थेरीगाथा लागली होती. त्यात मुत्ता थेरी तीन वाकड्या गोष्टींपासून सुटल्याचा आनंद सांगते: उखळ, मुसळ आणि कुबडा नवरा. वाचणारे गुरुजी गंभीर, समोर पांढऱ्या साड्यांची ओळ गंभीर, आणि आई फस्सकन हसली. तिच्यामागोमाग अख्खी ओळ. पुरुषांच्या बाजूला वडील मान खाली घालून बसले होते. घरी येताना आई त्यांना म्हणाली, "तुमी सरळच हाय की, तुमाला कशाला लागलं?" अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या बाईचा विनोद आमच्या कमी शिकलेल्या आईला एका दमात कळला, हे आम्हाला मोठ्या व्याख्यानाहून मोठे वाटते.

आई गेली आणि महिन्याच्या आत १४ एप्रिल आला. जयंतीच्या मिरवणुकीत आईची जागा ठरलेली. निळी साडी, पदर खोचलेला, ताशा कडाडला की दोन्ही हात वर. गुडघे दुखू लागल्यावरही पहिल्या चौकापर्यंत तरी ती नाचायचीच. आत्या म्हणाली, "यंदा घरात दुःख हाय. पोरींनी नाचायचं न्हाई, नवं कापड न्हाई." थोरल्या दादालाही तेच पटत होते, लोक काय म्हणतील म्हणून. धाकटी मात्र ऐकेना. आपण सुतक पाळत नाही ना? मग नाव बदलून तेच कशाला पाळायचे? दोन रात्री घरात वाद झाला. आत्याचे दुःखही खरे होते. वहिनी म्हणून घरात आलेली आमची आई तिची चाळीस वर्षांची मैत्रीण होती, पत्त्यांत तिची चोरी झाकणारी हीच.

शेवटी ज्याला जसे वाटेल तसे करावे, असे ठरले. दादा पांढऱ्या कपड्यांत मिरवणुकीच्या कडेने चालला. धाकटीने आईचीच निळी साडी नेसली. आत्या रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून, तोंड फिरवून बसली.

ताशा सुरू झाला. धाकटी नाचू लागली, रडतही होती. थोड्या वेळाने बघतो तर खुर्ची रिकामी. आत्या गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिचे मनगट धरून म्हणाली, "अगं, असं न्हाई. ती हात खांद्याच्या वर घ्यायची. आणखी वर घे."