परवाना माणसाचा, गाडीचा नव्हे

दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, त्या आठवड्यात पाचवीच्या चित्रकलेच्या तासाला "आमची गाडी" असा विषय दिला होता. एका विद्यार्थ्याने बोलेरो पिकअप छान काढली. मागे कापसाची बोंदरी, पुढे आईबाबा, मधे तो स्वतः. आणि गिअरच्या दांड्याच्या वर, स्वतःच्या गुडघ्याशी, काळ्या रंगाने एक पिस्तूल. चित्रकलेच्या बाईंनी तो कागद आमच्या टेबलावर आणून ठेवला.

आम्ही वडिलांना बोलावले. ते रागावले नाहीत, उलट हौसेने गाडीचे दार उघडून दाखविले. डॅशबोर्डाखाली चामडी होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचे कव्हर, चार स्क्रूंनी ठोकलेले होते. "गुरुजी, हलत नाही, ओढून पाहा." त्या दिवशी ते रिकामे होते. पिस्तूल घरी कपाटात असल्याचे ते म्हणाले. परवाना होता, कागद नीट होते. माणूसही सज्जन.

त्यांच्या भीतीला आम्ही हसणार नाही. बेज्जूरच्या रानातून कागजनगरला जाणारा रस्ता अंधार पडल्यावर कसा असतो, हे आपण सर्वच जाणतो. नोव्हेंबर २०२० मध्ये दहेगाव व पेंचिकलपेट मंडलांत वाघाने एका युवकाचा आणि एका मुलीचा जीव घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये कागजनगरजवळ शेतात राबणारी तरुण स्त्री गेली. शिवाय कापूस विकून येताना खिशात रोकड असते. मात्र कमरेच्या पिस्तुलाने वाघ थांबत नाही, हेही खरे आहे, आणि ते त्या पालकांनाही ठाऊक होते. जवळ असले की धीर येतो, एवढेच ते म्हणाले.

आता ते कव्हर. आम्ही शस्त्रांचे जाणकार नाही, म्हणून वर्कशॉपमधील एका जुन्या मिस्त्रीला ते दाखविले. त्याने बोटाने पॅनेल दाबले. प्लास्टिक आत गेले. प्लास्टिकमध्ये स्क्रू धरत नाही, म्हणाला, आपल्या रस्त्यांवर दोन महिन्यांत भोके रुंद होतात. धरायचे तर खालच्या लोखंडी पट्टीला आरपार बोल्ट, मागे जाड पत्रा, आणि हादऱ्याने न सुटणारा नट हवा. आमच्या लक्षात आले ते वेगळेच. कव्हरचे चामडे उन्हाने मऊ पडून तोंड सैल झाले होते आणि चापाचा भाग अर्धा उघडा होता. चाप पूर्ण झाकलेला नसेल तर कव्हर कितीही पक्के बसवा, पोराचे बोट, दोरीचा फास किंवा टॉवेलचा कोपरा आत जाऊ शकतो. लहान रिव्हॉल्व्हरसुद्धा पाऊण किलोच्या घरात असते. पन्नासच्या वेगातली गाडी एकदम अडली की सुटलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जाते, आणि पुढे बहुधा मूल बसलेले असते.

पडलेल्या शस्त्रातून गोळी सुटते का, असे काहीजण विचारतात. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी लागली. कपाटात ठेवताना ते हातातून निसटले, असे सांगण्यात आले. जुन्या बनावटीच्या काही रिव्हॉल्व्हरांत घोड्याखाली गोळी असेल तर आदळल्यावर ती उडू शकते, म्हणून जाणते लोक तो एक खण रिकामा ठेवत. हे घरातल्या फरशीवर झाले. आपल्या रस्त्यावर गाडी किती वेळा आदळते, ते मोजून पाहावे.

पण समजा कव्हर मिस्त्रीच्या म्हणण्याप्रमाणे अगदी भक्कम बसविले. तरी आमचा विरोध कायम आहे, आणि खरे सांगायचे तर जितके भक्कम तितका अधिक. परवाना माणसाच्या नावाने मिळतो. गाडी मात्र कोणीही चालवितो. आज मालक, उद्या ड्रायव्हर, परवा मेव्हणा. धान्य उतरवायला गाडी बाजारात उभी राहते, काच अर्धी उघडी. अमेरिकेत पिकअपमध्ये अशी कव्हरे सर्रास बसवितात, आणि तिथे चोरीला जाणाऱ्या बंदुकांचा मोठा हिस्सा मोटारींतूनच जातो. आपल्याकडे तर सीमा हाकेच्या अंतरावर आहे. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रापुरता चालतो हे लिहिलेले असते. तेलंगणापुरताच असेल आणि गाडी प्राणहिता ओलांडून अहेरीला गेली किंवा सीमेपलीकडे राजुऱ्याकडे गेली, तर डॅशबोर्डाखालचे शस्त्र बेकायदा होते. सोयरीक तिकडे, बाजार तिकडे, गाडी महिन्यातून चारदा तिकडे. कव्हर गाडीला असले की ही आठवण राहत नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांतही हाच विचार आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे तर ते त्यासाठी केलेल्या कव्हरात अंगाशी बांधलेले किंवा तशाच पिशवीत असावे, पूर्ण झाकलेले असावे, आणि नेणाऱ्याचा त्यावर ताबा असावा. गाडीत ठोकलेले कव्हर, आणि मालक चहाला उतरलेला, हा ताबा कसा म्हणायचा? एकवीस वर्षांखालील व्यक्तीला कायदा बंदूक बाळगू देत नाही, आणि आपण दहा वर्षांच्या पोराच्या गुडघ्याशी ती टांगतो.

ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी पिस्तूल कमरेला, शर्टाखाली, चाप झाकणाऱ्या कव्हरात ठेवावे. गाडीत मुले असतील त्या दिवशी ते घरीच कुलपात राहावे, गोळ्या वेगळ्या कुलपात, किल्ली मुलांना ठाऊक नसावी. आणि शाळेच्या फाटकाच्या आत, मुलांना सोडायला येताना, शस्त्र आणू नये. याबाबत कोणाचीही गय केली जाणार नाही, मग ते पालक समितीचे सदस्य का असेनात. निवडणुकीच्या वेळी सर्वजण पोलीस ठाण्यात शस्त्रे जमा करतात, तेव्हा कोणाचे काही अडत नाही.

त्या पालकांनी दुसऱ्याच दिवशी कव्हर काढले. डॅशबोर्डाखाली चार भोके राहिली आहेत. तेथे पाण्याच्या बाटलीची जाळी बसवितो, म्हणाले. चित्र आम्ही विद्यार्थ्याला परत दिले, दहापैकी आठ गुण देऊन.