गाईचा लेप मांजराला चालत नाही

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पशुआरोग्य व रोगनियंत्रण कार्यक्रमात ‘पशु औषधी’ हा नवा भाग जोडला. जनावरांची स्वस्त जेनेरिक औषधे सहकारी संस्था आणि प्रधानमंत्री किसान समृद्धी केंद्रांमार्फत मिळावीत, यासाठी ७५ कोटी रुपयांची तरतूद झाली. पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या पशुऔषधांनाही त्यात स्थान मिळाले. गोठ्यासाठी ही चांगली बातमी आहे. पण तुमच्या घरात कुत्रा किंवा मांजर असेल, तर ‘सरकारनेच मान्य केलं, मग आमच्या मनीला द्यायला काय हरकत आहे?’ असा अर्थ काढू नका.

उदाहरण कासदाहाचे घ्या, ज्याला गोठ्यात दगडी म्हणतात. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ त्यासाठी २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना यांचा लेप सुचवते. तो गाईच्या कासेवर बाहेरून लावायचा असतो. आजार ठरलेला, जागा ठरलेली, प्रमाण ठरलेले. प्रतिजैविकांचा वापर कमी व्हावा हा त्यामागचा हेतू आहे आणि मला तो पटतो. आता हाच लेप मांजराच्या जखमेवर लावला तर? मांजर दिवसभर अंग चाटते. त्याच्या अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्याच्या पोटात जाते. चुन्याने तोंड भाजेल, कोरफडीच्या चिकाने जुलाब होतील. टी ट्री ऑइल, कापूर, निलगिरीचे तेल यांचेही तेच. ‘नैसर्गिक’ असा शिक्का असलेल्या या तेलांमुळे मांजरे लडखडतात, थरथरतात, कधी बेशुद्धही होतात.

याचे कारण यकृतात आहे. आपले यकृत अनेक रसायने ज्या प्रक्रियेने निकामी करून शरीराबाहेर टाकते, ती प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते. म्हणून तापावर आपण सहज घेतो ती ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलची एक गोळी चार किलोच्या मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, चेहरा सुजतो, धाप लागते. उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो. कुत्र्यांमध्ये आयब्युप्रोफेनने पोटात अल्सर होतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. गोचिडांवर उपाय म्हणून लसूण खाऊ घालण्याचा सल्ला अजून फिरतो. कांदा-लसणाने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो कच्चा असो की रश्शातला.

आता थोडे तुमच्या स्वतःच्या औषधांबद्दल, कारण हा भाग घरोघरी दुर्लक्षित राहतो. केस गळतात म्हणून तुम्ही मिनॉक्सिडिल लावत असाल, तर तुमची उशी चाटूनही मांजराला विषबाधा होऊ शकते. फुप्फुसात पाणी साचते आणि बऱ्याचदा ते दगावते. त्वचेच्या काही गाठींवर दिली जाणारी फ्लुरोयुरॅसिलची क्रीम कुत्र्याने ट्यूब चावून खाल्ली तर तीही जीवघेणी ठरते. ही औषधे तुमच्यासाठी योग्यच आहेत. ती लावल्यावर हात धुवा, ट्यूब कपाटात ठेवा आणि लावलेली जागा प्राण्याला चाटू देऊ नका.

नैसर्गिक आहार म्हणून कच्चे मांस देण्याची टूमही याच विचारातून आली आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. तपासणीत एच५एन१ बर्ड फ्लू आढळला. २०२५ च्या सुरुवातीला शेजारच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांतही तो सापडला. मार्जारकुळाला हा विषाणू जबर बाधतो आणि बाधित कोंबडीचे कच्चे मांस हा त्याचा एक मार्ग आहे. शिवाय कच्च्या मांसातला साल्मोनेला प्राण्याच्या भांड्यातून, विष्ठेतून माणसांपर्यंत येतो. घरात केमोथेरपी चालू असलेले कुणी, प्रत्यारोपण झालेले कुणी, गर्भवती किंवा तान्हे बाळ असेल, तर मांस शिजवूनच द्या.

घोड्यांचे गणित आणखी वेगळे. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे मोटारींना बंदी आहे, कुटुंबाचे पोट घोड्यावर असते. घोड्याच्या पोटात दुखू लागले की काढा किंवा तेल बाटलीने पाजण्याची घाई होते. पण घोड्याला उलटी करता येत नाही. जठर आधीच तुडुंब असेल तर ते फुटू शकते, आणि जबरदस्तीने पाजलेले तेल फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो. डॉक्टर नाकातून जठरापर्यंत नळी घालतात ते याचसाठी. डॉक्टर येईपर्यंत खाणे काढून घ्या, तोंडाने काही पाजू नका. आणि कोंबड्यांचे किंवा गुरांचे खाद्य घोड्यापुढे ठेवू नका. त्यात कधी कधी मिसळलेले मोनेन्सिन घोड्याच्या हृदयाला घातक असते.

मग जोड उपचार करूच नयेत का? तसे नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीत वजन कमी करणे, फिजिओथेरपी आणि माशाच्या तेलातील ओमेगा-३ यांचा उपयोग होतो. ॲक्युपंक्चरचे पुरावे अजून तोकडे आहेत, पण औषधे चालू ठेवून, प्रशिक्षित पशुवैद्यकाकडून ते करून घेण्यात फारसा धोका नाही. होमिओपॅथीबद्दल मला तेवढेही म्हणता येत नाही. खरा धोका लपवाछपवीत आहे. एका डॉक्टरने मेलॉक्सिकॅम दिलेले असते, दुसऱ्याने खाजेसाठी स्टेरॉइड, आणि घरी ‘वेदनाहर’ चूर्ण चालू असते. पहिली दोन एकत्र आली की आतड्यातून रक्तस्राव होऊ शकतो, आणि चूर्णात काय आहे हे कुणालाच ठाऊक नसते. पुढच्या तपासणीला जाताना डब्या, बाटल्या, पुड्या सगळ्या पिशवीत घालून न्या. ‘रागावतील’ म्हणून चूर्ण मागे ठेवू नका.

प्राण्याने काही भलतेच खाल्ले असेल, तर मिठाचे पाणी किंवा हळद-दूध पाजून घरी उलटी करवू नका. मिठाचीच विषबाधा होते. औषधाचे पाकीट, अंदाजे किती आणि केव्हा खाल्ले ते, आणि प्राण्याचे वजन एवढी माहिती घेऊन लगेच पशुवैद्यकाकडे निघा. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका.